बंदीच्या गोष्टीत मूळ चित्रकार कुठे?

महोदय,

रॉक अल्बमांच्या कव्हरांवरील बंदीविषयी रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. बीटल्सच्या 1966 मधल्या ‘यस्टरडे अँड टुडे’चा किस्सा, म्हणजे मांसाचे तुकडे आणि तुटक्या बाहुल्या घेऊन बसलेले चौघे व ओरड झाल्यावर त्यावर चिकटवलेला सोज्वळ फोटो, त्यात चांगला आला आहे. आपल्याशी थेट नाते असलेली कव्हरे मात्र राहून गेली.

बीटल्सच्याच 1967 च्या ‘सार्जंट पेपर’च्या कव्हरवरील नामवंतांच्या गर्दीत आधी गांधीजीही उभे होते. भारतातले लोक दुखावतील या धास्तीने ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांनी त्यांना काढायला लावले. इथल्या माणसांना कोणी विचारलेच नव्हते! त्याच वर्षी अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’वर विष्णूच्या विराटरूपाची बाजारात मिळणारी तसबीर आली, फक्त मधल्या चेहऱ्यांच्या जागी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार. खुद्द हेंड्रिक्सला ते फारसे रुचले नव्हते. त्याला अमेरिकेतल्या मूलनिवासींचा आपला वारसा दिसायला हवा होता. पुढे 1997 मध्ये एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडच्या ‘नाइन लाइव्ह्ज’वर कालियामर्दन करणाऱ्या कृष्णाला मांजराचे डोके लावले गेले. हिंदूंनी निषेध केला, कंपनीने माफी मागितली, कव्हर बदलले.

निषेध करणाऱ्यांचा राग मला समजतो. पण माझी तक्रार वेगळी आहे. हेंड्रिक्सचे चेहरे रंगवणाऱ्या रॉजर लॉचे नाव आज सहज सापडते. ज्या तसबिरीवर ते बसवले, ती रंगवणाऱ्याचे काय? कृष्णाचे चित्रही इस्कॉनच्या पुस्तकांतून परवानगीवाचून उचललेले होते. वाद भावनांपाशी सुरू होतो आणि तिथेच मिटतो. चित्रकाराच्या हक्काचा विषयच निघत नाही.

मराठी वाचकाला हे खुपायला हवे. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये गिरगावात निघाला, नंतर मळवलीला गेला. रघुवीर मुळगावकरांची देवदेवतांची चित्रे कॅलेंडरांवरून आपल्या घरांत आली आणि त्यांखालची सही लोक ओळखत. देवाच्या तसबिरीलाही कर्ता असतो, हे आपल्याकडे माहीत होते.

आपल्या पुरवणीने जुन्या देवचित्रांच्या संग्राहकांना गाठून, अशा कव्हरांमागची मूळ चित्रे कोणाची, यावर एक स्वतंत्र लेख जरूर द्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे