शंभरावर मुले माळावर नेताना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षा आटोपल्या की शाळा आणि क्लासवाले आठवी ते दहावीच्या मुलांची 'सर्व्हायव्हल' (म्हणजे रानावनात तग धरायला शिकवणारी) शिबिरे काढतात. हेतू चांगला, पण मुहूर्त चुकीचा. सोलापूरचा पारा एप्रिलमध्येच चाळिशी ओलांडतो. हे शिबिर डिसेंबर-जानेवारीतच घ्यावे. उन्हाळ्यातच घ्यायचे झाले, तर मैदानी काम सकाळी दहाच्या आत संपवावे.

समजा 120 मुले आहेत. दहा-दहाचे बारा गट करा आणि प्रत्येक गटाला एक मोठा माणूस द्या. पिण्याचे पाणी माणशी चार लिटर धरले तरी नुसत्या मुलांना 480 लिटर लागते, म्हणजे वीस लिटरचे 24 जार. मोठ्यांचे आणि हात धुण्याचे पाणी वेगळे. खड्ड्यावर प्लास्टिक ताणून जमिनीतले पाणी काढण्याचा प्रयोग शिबिरात हमखास असतो. आपल्या कोरड्या मुरमात दिवसभरात पेलाभर पाणी मिळाले तरी नशीब, आणि खड्डा खणताना त्याहून जास्त घाम जातो. त्यापेक्षा गढूळ पाणी फडक्यातून गाळून उकळायला शिकवा. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (दोन्ही चहाच्या सपाट चमच्याने) हे प्रमाणही पाठ करून घ्या.

निवारा बांधताना वीस मुलांत एकच ताडपत्री दिली, तर चौघे बांधतात आणि सोळा जण मोबाइल काढतात. चौघांत एक द्या. दहा बाय बाराची पुरते. वारा येतो त्या बाजूची कड जमिनीलगत ठेवायची, नाहीतर माळावरचा वारा आत शिरून ताडपत्री उचलतो. मुरमात खुंटी जेमतेम चार बोटे जाते, म्हणून दोरी मोठ्या दगडाला बांधावी लागते. खरा धोका इथेच आहे. मुले दगड उचलायला धावतात, आणि दगडाखाली फुरसे किंवा विंचू असू शकतो. दगड आधी लांब काठीने उलटायचा, मगच हात लावायचा. अंगठे झाकणारे बूट नसतील त्या मुलाला या कामावर घेऊ नका.

साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, वर करकचून बांधणे यातले काहीही करू नये. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, मुलाला चालू देऊ नये, चावल्याची वेळ लिहून घ्यावी आणि 108 ला फोन करावा. सर्पदंशाची लस सर्वांत जवळ कुठे मिळते, याची चौकशी आदल्या दिवशीच झालेली हवी.

वाळल्या गवतात गारगोटीने जाळ पेटवण्याचे प्रात्यक्षिक कृपा करून नको. एक ठिणगी अख्ख्या माळाला पुरते. चूल लावायचीच तर नांगरलेल्या रानात, मालकाला विचारून आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या ठेवून. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरूच नये.

मोजणी दर तासाला व्हावी आणि ती जोडीने: प्रत्येकाने आपला जोडीदार दाखवायचा. मदतीसाठी तीन शिट्ट्या, ही खूण सर्वांना माहीत असावी. आणि एक गाडी चालकासह, रस्त्याकडे तोंड करून, शिबिर संपेपर्यंत जागेवर उभी असावी. ती सामान आणायला पाठवू नये.

आपले,
शिबिरांचे काम पाहणारे काही कार्यकर्ते, सोलापूर