हप्ता लांबला तरी डायलिसिस थांबू न देणाऱ्यांचे आभार

सरकारी आरोग्य विम्याचा निधी उशिरा आला की आधी तुंबतात ते रुग्णालयांनी उपचारांच्या खर्चासाठी पाठवलेले दावे. रुग्णालयाची येणी वाढतात, औषध पुरवठादार उधारी बंद करतात, मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियांना पुढची तारीख मिळते. डायलिसिसला तशी तारीख देता येत नाही; आठवड्यातून साधारण ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास मशीन लागतंच. अशा दिवसांत डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि मंजुरी क्रमांक ताडून पहिल्याच फेरीत बिनचूक दावा पाठवणाऱ्या, बिलिंगच्या टेबलावरच्या अनाम मंडळींचे मनापासून आभार. मागची थकबाकी नव्या तरतुदीतून फेडली की नवं वर्ष तुटीतच सुरू होतं, हे वरिष्ठांना दरवेळी आकड्यांनिशी (आणि न कंटाळता!) दाखवून देणाऱ्या लेखापालांचेही.