आधी उचलून दाखव

जांबोटी,
आषाढ, बुधवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुला घ्यायच्या मोटरसायकलचा तू पाठवलेला फोटो आईनं दोनदा मोठा करून बघितला आणि मला विचारलं, "एवढी दांडगी कशाला हिला?" मी म्हटलं, तिलाच विचारतो. खरं फोनवर विचारलं की तू "बाबा, नंतर बोलूया" म्हणतेस आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून पत्र.

आधी आत्याचं. "मुलीच्या जातीला स्कूटीच बरी" हे तिचं पालुपद मनावर घेऊ नकोस. मोटरसायकलच घे. लायसन्सवर गिअरची आणि बिनगिअरची असे दोन वर्ग वेगळे असतात. स्कूटीवर टेस्ट दिलीस तर बिनगिअरचंच मिळणार, मग काकाची गाडी घेऊन दळण आणायला गेलीस तरी बेकायदा. गिअरच्या गाडीवर दिलीस की दोन्ही चालवता येतात. तेव्हा गिअर पाहिजे यावर आपलं एकमत.

भांडण आहे ते फोटोतल्या साडेतीनशे सीसीवर.

तिचं वजन १९५ किलो. पन्नास किलोची चार पोती घे, त्यातून पाच किलो काढ. काकाची स्प्लेंडर ११२ किलो, म्हणजे सव्वादोन पोती. चालू गाडीचं वजन कळत नाही, हे तू म्हणणार आणि ते बरोबर आहे. बेळगावबाहेर पिरनवाडीच्या पुढं रस्ता मोकळा झाला की मोठी गाडी उलट जास्त स्थिर जाते. वजन कळतं ते थांबताना, वळवताना, उतारावर मागं ढकलताना. आणि शिकणारा माणूस सगळ्यात जास्त करतो काय? थांबतो आणि वळवतो.

माझं तुला कधी नीट सांगितलेलं नाही. १९९४ साली मी जुनी येझदी घेतली. म्हैसूरला तयार व्हायची ती. किक आणि गिअर एकाच दांडीत, त्यामुळं नवख्याला आधी ती दांडीच शिकावी लागायची. लायसन्स नव्हतं, शिकाऊ लायसन्स, म्हणजे एलएलसुद्धा नव्हतं. आज्जांना सांगितलं होतं की काढलंय. पहिल्याच पावसात बेळगावहून येताना कुसमळीच्या उतारावर पुढं म्हशी आल्या. मी व्यवस्थित थांबलो. वेग नव्हता, घसरलो नाही, काही नाही. थांबलो आणि उजवा पाय टेकवला तो तांबड्या चिखलात. पाय सरकला, गाडी कलली, आणि एकदा ठराविक कोनाच्या पुढं गेली की गाडी तुझं ऐकत नाही. सायलेन्सर घोट्यावर आला. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं आणि मी त्या गाडीखालून पाय काढून ती उचलायची म्हणतोय, तर ती वीतभर उठते आणि परत बसते. म्हशीवाल्या म्हाताऱ्यानं लांबून विचारलं, "आणि कोण नाही काय रे संगट?" शेवटी एसटी आली, कंडक्टर आणि दोघं पॅसेंजर उतरले, तेव्हा गाडी उभी राहिली. घोट्यावरचा चट्टा तू बघितलायस. लहानपणी त्याला बेडूक म्हणायचीस.

म्हणून माझं मोजमाप सीसीचं नाही, आणि मायलेजचंही नाही. पडलेली गाडी एकटीनं उचलता आली पाहिजे. आणि सीटवर बसून दोन्ही टाचा, निदान अर्धे तळवे, जमिनीला लागले पाहिजेत. एवढं जुळलं तर रंग तू ठरव.

टेस्टलाही तेच उपयोगी पडतं. आठचा आकडा काढायचा असतो, पाय टेकला की गेलं. लांब आणि जड गाडीला वळायला जागा जास्त लागते, त्यात तू घाबरून क्लच पूर्ण दाबलास की ती लगेच कलते. हाफ क्लचवर ठेव, थोडी रेस, वेग आवरायला फक्त मागचा ब्रेक. पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावू नकोस, हँडल वळलेलं असताना तो धरला की गाडी आडवीच. नजर चाकाकडं नाही, जिथं जायचंय तिथं. आणि ज्या गाडीवर टेस्ट देणार तीच रोज चालव. स्प्लेंडरचे चारही गिअर खाली दाबून पडतात, दुसऱ्या बऱ्याच गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. दोन्हींची सरमिसळ झाली की ऐन वळणावर पाय गोंधळतो.

एलएल मे महिन्यात निघालंय. तीस दिवस कधीच झाले, आणि ते सहा महिने चालतं. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. तोपर्यंत पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल लावायचा आणि मैत्रिणीला मागं बसवायचं नाही. मागं बसला तर लायसन्सवाला शिकवणाराच. आत्येभावाला घेऊन जात जा, त्याचंही पोट जरा हलेल.

आता तुझ्या मनातल्या त्या कोल्हापूर पासिंगच्या गाडीचं. एमएच-०९ बघितलं की आपल्याकडं कुणालाही जरा बरं वाटतं, मलाही वाटतं. खरं तू राहणार बेळगावात. गाडी बारा महिन्यांच्या वर इकडं राहिली की केए-२२ करून घ्यावी लागते. त्याला तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, आणि इकडचा टॅक्स पुन्हा भरायचा. नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० वेगळे. कर्ज काढून घेतलेली असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आधी बघायचा. हे सगळं धरलं की स्वस्तातली गाडी स्वस्त राहत नाही. बेळगाव पासिंगचीच बघ.

जुनी बघायला जाशील तेव्हा मिस्त्रीला घेऊन जा, खरं दोन गोष्टी स्वतः कर. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलून धरायला सांग आणि हँडल एका बोटानं हळू फिरव. मधोमध खटका लागून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडल फिरतं ते बेअरिंग, गेलाय, किंवा गाडी कुठंतरी जोरात आपटलीय. मग टायरच्या बाजूवर चार आकडे शोध. २४२२ असेल तर २०२२ सालचा चोविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर पावसात दगा देतं.

बेळगावात दुसऱ्या नंबरच्या रेल्वे गेटावर रूळ तिरपे ओलांडू नकोस. ओल्या रुळावर चाक साबणावर पडल्यासारखं जातं. वेग आधीच कमी कर, हँडल सरळ धर आणि रुळावर असताना ब्रेक नको. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतील, त्यांना मागं लाईट असेलच असं नाही. अंधार पडल्यावर गावाकडं निघायचंच नाही, बस आहे.

हेल्मेट माझ्याकडून. आयएसआयचं, तुझ्या डोक्याच्या मापाचं, दुकानात घालून बघून घेऊ. आत्येभावाचं जुनं वापरू नकोस, ते दोनदा पडलंय.

रविवारी सकाळच्या बसनं ये. अंगणात काकाची स्प्लेंडर डाव्या अंगावर आडवी घालून ठेवतो, खाली पोती टाकून. हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हातानं हँडलची मूठ, दुसऱ्यानं मागची कॅरिअरची पट्टी, आणि कंबरेनं नाही, मांड्यांनी रेटत उलट पावलं टाकायची. जमलं तर सोमवारी मी बँकेत येतो. त्या साडेतीनशेवाल्यालाही विचारून बघ, त्याची गाडी आडवी घालू देतो काय.

काकाला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझे,
बाबा