काकांना सोडू नका

हैदराबाद

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

काल दादाचा फोन झाला. तुमच्या आरोग्यविम्याचं नूतनीकरण जवळ आलंय आणि त्याने ॲपवर दुसऱ्या कंपनीची पॉलिसी बघून ठेवली आहे, वर्षाला पाच-सहा हजार वाचतात, मध्ये एजंट नको, असं म्हणत होता. बाबा, तुम्ही त्याला ‘बघू’ म्हणालात. तुमचं ‘बघू’ म्हणजे अर्धा होकार, हे मला माहीत आहे, म्हणून लगेच लिहायला बसले. पत्र तुम्हा दोघांना सावकाश वाचता येईल आणि दादालाही दाखवता येईल.

दादा काळजीपोटीच म्हणतोय आणि हप्ता खरंच वाढलाय. कंपनी बदलावी की नाही हा प्रश्न खुला ठेवू. पण आपले विमावाले काका सोडू नका. या वयात तुमच्यासाठी पाच हजारांपेक्षा तो माणूस मोलाचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

नानांना डेंग्यू झाला तेव्हा मी नाशिकलाच होते. आई, तूही होतीस त्या मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात. बाबा, तुम्ही घरी होतात म्हणून सविस्तर सांगते. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, डिलक्स रूम रिकामी आहे, रोजचे आठ हजार. नानांची पॉलिसी पाच लाखांची. चुलतभाऊ म्हणाला, घेऊन टाकू, विमा आहे ना. तेवढ्यात काका आले. त्यांनी फाईलच्या पाठीवर पेनाने आकडे मांडले. नानांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपये. आठ हजारांची खोली घेतली तर वरचे तीन हजार आपण भरले की संपलं, असं नसतं. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर असेल तर त्याचा खर्च, हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. पाचाला आठाने भागा, कंपनी देणार साडेबासष्ट टक्केच. या खर्चाचे एक लाख झाले तर साडेसदतीस हजार आपल्या खिशातून. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कपात लागत नाही, पण बाकीचं बिल चांगलंच फुगतं. काकांनी शांतपणे सांगितलं, सेमी-प्रायव्हेट घ्या, डॉक्टर तेच येणार आहेत.

हे सगळं पॉलिसीच्या कागदात लिहिलेलं होतं. पण नानांना १०३ ताप, प्लेटलेट्स उतरत चाललेल्या, अशा वेळी चाळीस पानांतलं ते कलम कोण शोधणार? ॲपवर विचारता आलं असतं, हे खरं. पण विचारायला आधी मनात शंका यावी लागते, आणि ती आमच्यापैकी कोणाच्याच मनात आली नव्हती.

डिस्चार्जच्या दिवशीही तसंच. नियमाप्रमाणे कॅशलेसची, म्हणजे कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरण्याची, पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलचा खर्च वाढला, तर तो कंपनीने सोसायचा. २०२४ साली विमा नियामकानेच, म्हणजे इर्डाईने, हे घालून दिलंय. इर्डाईचं मुख्यालय इथे हैदराबादलाच आहे. नियम चांगला आहे, पण नानांच्या वेळी स्क्रीनवर नुसतं ‘क्वेरी’ एवढंच दिसत होतं. काकांनी टीपीए डेस्कवर, म्हणजे हॉस्पिटलात विम्याचे दावे बघतात तिथे, जाऊन क्वेरी नेमकी काय ते विचारलं. कंपनीला पहिल्या तपासणीचा कागद हवा होता. तो इंदिरानगरच्या आपल्या डॉक्टरांकडे होता. काकांनी फोन केला, फोटो मागवला आणि डेस्कवर दिला. संध्याकाळी नाना घरी.

आता दादाच्या पॉलिसीबद्दल. त्याने ॲपवर जे बघितलंय ते पोर्टिंग आहे, म्हणजे चालू विमाच दुसऱ्या कंपनीकडे नेणं, की कोरी नवी पॉलिसी, हे मी त्याला विचारलं. त्याला सांगता आलं नाही. सगळा फरक तिथेच आहे. पोर्टिंग केलं तर जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं पुढे मोजली जातात. नवी घेतली तर घड्याळ पुन्हा शून्यावर. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचा खर्च मिळत नाही तो काळ, कंपन्यांना जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतो. बाबांचं बीपी आणि शुगर त्यात येणार. आणि आई, गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनला बहुतेक पॉलिसींत दोन ते तीन वर्षांची वाट बघावी लागते. तुझ्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते दादाला तू सांगितलेलंच नाहीस. काकांना मात्र ठाऊक आहे, कारण तू जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी घेतेस हे त्यांनी बघितलंय. पॉलिसी सुचवताना हा माणूस तो गुडघा हिशोबात धरतो. फॉर्मवरचा रकाना काही तुला जिना चढताना बघत नाही.

रकान्यांवरून आठवलं. बाबा, दादा मोबाईलवर फॉर्म भरताना तुम्हाला विचारणार, रक्तदाब आहे का? आणि तुम्ही म्हणणार, नाही, कंट्रोलमध्ये आहे. तुमच्या मनात खोटं काही नाही. पण गोळी चालू आहे म्हणजे बीपी आहे, फॉर्मवर ‘हो’ लिहायलाच हवं. पाच वर्षांपूर्वी काकांनी समोर बसून तुमची गोळ्यांची डबी मागवली होती आणि गोळ्यांच्या प्रत्येक पट्टीवरचं नाव स्वतः उतरवून घेतलं होतं. विमा सलग ६० महिने चालू राहिला की माहिती लपवली या कारणाने दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. तुमचे ते महिने आता पुरे होतायत. ते उगाच वाया घालवायचे नाहीत.

दादा म्हणतो, काकांना कमिशन मिळतं, ते आपलीच पॉलिसी चांगली म्हणणार. कमिशन मिळतंच, आणि ते जाणून घ्यायचा हक्क आपला आहे. २०२३ पर्यंत वैयक्तिक आरोग्यविम्यावर एजंटला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा होती. आता ते कंपनीच्या एकूण खर्चमर्यादेत बसवलं जातं. नुसत्या विक्रीमागे धावणारे एजंटही मी बघितलेत. पॉलिसी गळ्यात मारायची आणि क्लेमच्या वेळी फोन उचलायचा नाही, अशा एजंटची मला अजिबात बाजू घ्यायची नाही. पण माणूस पारखायचा तो क्लेमच्या दिवशी, आणि आपण काकांना त्या दिवशी बघितलंय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, हे तुमच्या हप्त्यात दिसेल. चांगलंच झालं. पण त्यामुळे कंपन्यांना आपल्या खर्चावर भरलेला कर वळता करून घेता येईना, आणि काही कंपन्यांनी एजंटांच्या कमिशनला कात्री लावली. याची मला खरी चिंता वाटते. तुमच्या वयाच्या माणसांची पॉलिसी सांभाळायला सगळ्यात जास्त वेळ जातो. तीन चकरा, दहा फोन, हॉस्पिटलात थांबणं. त्याचा मोबदलाच उरला नाही तर काकांसारखी माणसं हे काम सोडतील आणि कोणी तरुण त्यात येणार नाही. मग पंचवटीतली एकटी राहणारी आजी काय करेल? तिचा मुलगा परदेशात, तिला ओटीपीसुद्धा धड दिसत नाही. माणसाचा सल्ला हवा असणाऱ्याला तो मिळायलाच हवा, मग ॲप कितीही सोपं असो. दादासारख्यांनी खुशाल ॲपवरून घ्यावं, पण तेवढी एकच वाट शिल्लक राहू नये.

आणि बघा, जिथे नियम करणाऱ्यांनी खरंच विचार केला तिथे त्यांनी माणूस ठेवलाच आहे. दावा नाकारायचा असेल तर कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीची संमती लागते आणि कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी द्यावं लागतं. तरी पटलं नाही तर विमा लोकपाल आहे, ५० लाखांपर्यंतची तक्रार ऐकतो, एक पैसा घेत नाही, वकील लागत नाही. फक्त आधी कंपनीकडे तक्रार करून महिनाभर वाट बघायची आणि कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलांतही आरोग्यमित्र बसवलाय, कागदपत्रांत हरवलेल्या माणसाशी बोलायला. नकार द्यायला समिती, तक्रार ऐकायला लोकपाल. मग पॉलिसी निवडायच्या दिवशी, जिथून हे सगळं सुरू होतं, तिथे म्हाताऱ्या माणसांना स्क्रीनसमोर एकटं का सोडायचं?

बाबा, तुम्ही सत्तरी ओलांडलीत, तेव्हा सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या. पाच लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही, आणि आपला खासगी विमा असला तरी चालतो. आधारवरून होतं. दादाला हे काम सांगा.

काकांचंही वय झालंय. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीत आहे, तो या व्यवसायात येणार नाही. म्हणून या रविवारी त्यांना घरी बोलवा, दादालाही बसवा. त्यांना विचारा की त्यांच्यानंतर आपली पॉलिसी कोण बघणार, त्या माणसाला एकदा भेटवा म्हणावं. नाशिकच्या शाखेत आपली फाईल कोणाच्या टेबलावर असते तेही विचारून आईच्या निळ्या वहीत लिहून घ्या. कंपनी बदलायची ठरली तर पोर्टिंगच करायचं, आणि नव्या कंपनीचा लेखी होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद पडू द्यायची नाही. पोर्टिंगला नाही म्हणण्याचा अधिकार नव्या कंपनीला असतो, आणि बाबांच्या वयाला ती म्हणूही शकते. हप्ता फारच वाढलाय असं वाटलं तर तेही काकांसमोर काढा. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाईशी बोलावं लागतं, जानेवारी २०२५ पासून.

दादाशी मीही बोलते. त्याला यात काही वावगं वाटणार नाही. त्याला तुमचीच काळजी आहे.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काकांना दाखव, लाजू नकोस.

तुमची,
मधुरा

ता. क. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, त्यात खोलीभाडं, प्रतीक्षाकाळ, को-पे म्हणजे बिलातला आपला वाटा, हे सगळं थोडक्यात असतं. ते मराठीत मागितलं तर कंपनीने द्यायचं असतं. काकांना सांगून मराठीतलंच मागवा, आणि आलं की मला फोटो पाठवा.