रेकॉर्डिंग घरी ऐकू दे, खरं कॉलेजचं गेट उघडं ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आपल्या भागातल्या एका कॉलेजच्या स्मार्ट क्लासच्या उद्घाटनाची बातमी फोटोसकट आली होती, ती वाचून हे पत्र लिहितोय. तसल्याच एका छोट्या आर्ट्स कॉलेजात मी मराठी शिकवतो, अतिथी व्याख्याता म्हणून, कायम नाही, आता सोळा वर्षं झाली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या कॉलेजचा नाही आणि कुणाला खाली दाखवायला मी बसलेलो नाही.

पहिल्यांदा स्मार्ट क्लासातल्या त्या स्क्रीनच्या बोर्डाबद्दलच सांगतो. मला तो आवडतो, अगदी मनापासून आवडतो. आमच्याकडं मागच्या वर्षी आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्याच्यावर एक मोडीतलं जुनं कागद मोठं करून दाखवलं, एकेक अक्षर हाताएवढं, आणि मागच्या बाकावर बसणारा खानापूर बाजूचा एक पोरगा उठून म्हणाला, सर असले कागद आमच्या घरी ट्रंकेत आहेत, आजोबा हात लावू देत नाहीत. मी म्हटलं आजोबांना विचारून आण बघू. आणला की तो! दुसऱ्या आठवड्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून चौदा कागद घेऊन आला. मला मोडी जेमतेम येते, एका जुन्या सरांकडनं शिकलो होतो, खरं बोर्डावर कागद एवढा मोठा दिसायला लागल्यावर पंधरा-वीस डोकी एकदम वाचायला लागली, एकाला 'क' लागला की दुसऱ्याला 'र' लागायचा. तास साडेबाराला संपला, आम्ही अडीचला उठलो. एका बांधाच्या भांडणाचा कागद निघाला तो. पोरं घरी जाऊन तो बांध अजून आहे का बघून आली.

तसंच ओव्यांचं. आमच्या पोरांच्या आज्या अजून जात्यावरच्या ओव्या म्हणतात, जातं राहिलं नाही खरं तोंडात ओवी आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हे काम केव्हाच करून ठेवलंय, गावोगाव फिरून बायकांकडनं एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आता पारीच्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या, वेबसाइटवर त्या वाचायला आणि ऐकायलासुद्धा मिळतात. ते मी वर्गात लावलं आणि म्हटलं आपल्या गावातल्या आणा. पोरींनी फोनवर रेकॉर्ड करून आणल्या, मग फोनमध्ये ते बोलून टाइप करायची सोय असते ना मराठीत, त्याच्यात लावल्या. फोन 'जातं'चं 'जात' करतोय, आजीचं अनुनासिक त्याला कळत नाही, अर्धी ओवी भलतीच. मग ती दुरुस्त करायला सगळी चिंचेखाली बसायची, तीन आठवडे. एक म्हणायची आमच्यात असं म्हणत नाहीत, दुसरी म्हणायची आमच्या कणकुंबीला असंच म्हणतात, मग तिथनंच आजीला फोन. शब्दाचा अर्थ, सासर-माहेरचं, कुणाच्या शेतात कुणाची आई राबायला जायची, सगळं त्यात यायचं. चुकणारी मशीन आणि तिला दुरुस्त करणाऱ्या आठ पोरी, ह्याच्याएवढा चांगला तास मी सोळा वर्षांत घेतलेला नाही.

आता ह्या जूनपासनं काय झालं ते सांगतो. टाइमटेबल आवळून सकाळी साडेआठ ते साडेबारा केलं. सगळी लेक्चरं रेकॉर्ड करून चढवायची असा नियम आला. रेकॉर्डिंगला शांत खोली पाहिजे म्हणून वाचनखोली घेतली, पुस्तकांची कपाटं व्हरांड्यात आली, त्यातली दोन पावसाच्या बाजूला आहेत आणि बेळगावचा जुलै कसा असतो ते आपल्याला सांगायला नको. हजेरीला तोंड बघणारं मशीन बसलं. एक वाजता गेट बंद. कारण काय तर सगळं आता मोबाइलवर आहे, मग पोरांनी थांबायचं कशाला.

थांबायचं कशाला म्हणजे काय हो! त्यांची बस साडेतीनला आहे.

जांबोटी, कणकुंबी रोडची पोरं पहाटे उठून पहिल्या बसनं येतात. ११ जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाली, बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासनं आमच्या वर्गात अशा पोरी दिसायला लागल्या ज्यांना तिकिटाच्या पैशावरनं घरात बसवलं असतं, हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, त्यांच्या बापांनी मला तोंडावर सांगितलंय. त्या पोरी आता एक ते साडेतीन बसस्टँडवर उभ्या असतात. बाकावर जागा मिळाली तर बसतात. पावसात स्टँडचा तो चिखल, येणारे जाणारे बघत असतात, बाथरूमची गैरसोय, ह्याच्यात कुठलं रेकॉर्डिंग ऐकणार त्या? पोरांचं वेगळं, काही जण तीनच्या शिफ्टला उद्यमबागला फाउंड्रीत जातात, वडगाव-शहापूरची काही जण मागावर जातात, त्यांना मधले दीड-दोन तासच काय ते अभ्यासाचे मिळायचे आणि ते वाचनखोलीत मिळायचे.

घरी जाऊन ऐकतील म्हणणाऱ्यांनी एकदा पोरींच्या घरी जाऊन बघावं. घरात पाय ठेवला की भांडी, पाणी, म्हशी. फोन बहुतेक घरी एकच, तो संध्याकाळी भावाकडं. जंगलाच्या बाजूच्या गावांत तर रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं, लॉकडाऊनमध्ये २०२० ला आम्ही ते सगळं भोगलेलं आहे, पोरं झाडावर फोन टांगून हजेरी लावत होती. मला एका पोराचं वाक्य विसरता येत नाही. अभंगावरचं माझं रेकॉर्डिंग त्यानं ऐकलं होतं, गेटजवळ भेटला आणि म्हणाला, सर मी तीनदा ऐकलो, खरं त्या एका ओळीला तुम्ही जरा थांबला ते कशाला थांबला कळालं नाही. मी सांगायला लागलो तोवर वॉचमन म्हणाला सर गेट लावायचंय.

म्हणजे रेकॉर्डिंगनं त्याचं काम केलं होतं बघा. पोरानं तीनदा ऐकलं, प्रश्न घेऊन आला, आणि नेमका प्रश्न घेऊन आला तेव्हा आम्हाला उभं राहायला जागा नव्हती.

ही रेकॉर्डिंगची कल्पना जिथनं सुरू झाली म्हणतात ती गोष्ट आमच्या मॅनेजमेंटनं वाचावी असं मला फार वाटतं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये वुडलँड पार्क नावाच्या गावात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स असे केमिस्ट्रीचे दोन शिक्षक होते. गाव डोंगरातलं, खेळाच्या मॅचला वगैरे पोरांना लांब लांब जावं लागायचं, तास बुडायचे. म्हणून २००७ च्या सुमाराला त्यांनी धडे रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली. आपल्या पोरांचा पहिला तास बसमुळं बुडतो तसंच की हे. मग त्यांच्या लक्षात आलं की सांगायचं ते पोरं घरी ऐकू शकतात, तर वर्गातला वेळ गणितं सोडवायला, अडलेलं विचारायला, प्रत्येकाजवळ जाऊन बसायला वापरू. त्याला आता फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात, शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला हा शब्द दहा वेळा ऐकवतात. त्यांनी घरात ऐकायची सोय केली ती वर्गातला वेळ वाढवायला. आमच्याकडं ऐकायची सोय केली आणि वर्गातला वेळही काढून घेतला. अर्धीच गोष्ट उचलली.

दुसरी गोष्ट पण तिथलीच. अमेरिकेत छोटी आर्ट्स कॉलेजं असतात, लिबरल आर्ट्स म्हणतात त्यांना, विद्यार्थी थोडे, चार वर्षं बहुतेक तिथंच आवारात राहायचं, एकत्र जेवायचं, मास्तर शेजारीच. मॅसॅच्युसेट्समधलं ॲम्हर्स्ट हे असलंच एक, १८२१ चं, आजसुद्धा विद्यार्थी दोन हजाराच्या आत. हार्वर्ड आणि एमआयटीनं २०१२ ला एडएक्स काढलं, जगभर फुकट ऑनलाइन कोर्स, तेव्हा त्यात ॲम्हर्स्टनं जायचं का असा विषय आला. सगळ्या प्राध्यापकांनी खूप दिवस चर्चा केली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये मतदान झालं, ७० विरुद्ध ३६ मतांनी नको म्हणाले. जवळ बसून बोलण्यातनं शिकणं हे आमचं काम आहे, त्यात हे बसत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ऑनलाइनचे प्रयोग आम्ही आमच्या पद्धतीनं करू असंही म्हणाले, म्हणजे तंत्रज्ञानाला नाही म्हटलं नाही. त्याच राज्यातलं वेलस्ली, तेही छोटंच, बायकांचं कॉलेज, ते मात्र २०१२ च्या डिसेंबरात एडएक्समध्ये गेलं. कोण बरोबर ह्याच्यात मी पडत नाही. मला सत्तर आणि छत्तीस ह्या आकड्यांचं कौतुक वाटतं. एकशे सहा मास्तरांना विचारलं गेलं! आमच्याकडं वाचनखोली गेली ती मला व्हरांड्यातली कपाटं बघून कळाली, ग्रंथपाल बाईंना आदल्या दिवशी.

आणि आपल्या बेळगावात कॉलेजच्या आवाराला अजून एक अर्थ आहे तो बाहेरच्यांना कळणार नाही. सीमाप्रश्न २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे, त्याबद्दल माझं मत आपल्या बहुतेक वाचकांसारखंच आहे. खरं चिंचेखालच्या कट्ट्यावर बैलहोंगलचा कन्नड पोरगा, खानापूरची मराठी पोरगी, कॅम्पातला उर्दू बोलणारा, हे सगळे एका पुड्यातलं भडंग खातात. परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिपची नोटीस कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत येते, आमच्या मराठी माध्यमातनं आलेल्या पोरांना घाम फुटतो, तेव्हा तो बैलहोंगलवाला वाचून सांगतो, कुठं काय भरायचं बोट ठेवून दाखवतो. कर्नाटक सरकारनं २०२१ ला डिग्री चार वर्षांची केली, २०२४ ला परत तीन वर्षांवर आणली, कुणाला कुठला सिलॅबस ह्याचा घोळ होता तेव्हा निम्म्या शंका ह्याच कट्ट्यावर मिटल्या. आता नोटिसा व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात, दिवसाला तीस-चाळीस, खाली नुसते अंगठे. फॉर्म चुकलेली सहा पोरं ह्या वर्षी माझ्याकडं आली, मागच्या वर्षी एक आलं होतं. भित्तिपत्रक पण ग्रुपवर गेलं. पूर्वी शाईनं लिहिलेली कविता भिंतीवर लागायची, तिच्यासमोर चारजण उभे राहून वाद घालायचे, लिहिणारी लांब उभी राहून बघत असायची.

माझं मागणं मोठं नाही आणि त्याला नवा पैसा लागत नाही. गेट शेवटच्या बसपर्यंत, म्हणजे निदान साडेचारपर्यंत उघडं ठेवावं, आम्ही अतिथी शिक्षक आळीपाळीनं थांबायला तयार आहोत, त्याचं मानधन मागणार नाही असं मी आणि अजून तिघांनी लिहून दिलेलं आहे. वाचनखोली परत द्यावी, रेकॉर्डिंग रिकाम्या वर्गात दुपारी करता येतं, माझं मी तसं करून बघितलंय, चांगलं होतं. कॉलेजचं वायफाय फक्त ऑफिसला आहे ते पोरांना खुलं करावं म्हणजे ती तिथंच बसून रेकॉर्डिंग उतरवून घेतील आणि घरी रेंज नसली तरी ऐकतील. आणि नवं मशीन आणायच्या आधी एकदा स्टाफ मीटिंगमध्ये हात वर करायला सांगावं, पोरांचे पण दोन प्रतिनिधी बोलवावेत. आपल्या पेपरात पुढच्या वेळी स्मार्ट क्लासच्या उद्घाटनाचा फोटो छापाल तेव्हा वार्ताहरानं एवढंच विचारावं की गेट किती वाजता बंद होतं, ही आपल्याला माझी विनंती.

त्या पोराच्या ट्रंकेतल्या चौदा कागदांपैकी आमचे तीनच वाचून झालेत. अकरा राहिलेत. आजोबांची तब्येत आता बरी नसते, तो परवा स्टँडवर भेटला तेव्हा विचारत होता, सर पुढचा कागद कधी काढायचा. मी त्याला वाचनखोली मिळाली की त्याच दिवशी असं सांगितलंय.

आपला,
एक मराठीचा शिक्षक
खानापूर रोड, बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती)