टेम्परेचर सेन्सर तपासल्याशिवाय पार्ट बदलू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गाड्यांवरचं तुमचं पान दर आठवड्याला वाचतो म्हणून हे कळवतोय, उन्हाळ्यात लोकं गाड्या काढून गावाला निघायच्या आत छापलंत तर बरं होईल.

माझी पेट्रोल गाडी जुनी आहे. दिवाळीपासून अ‍ॅव्हरेज सोळावरून दहावर आलं, मागून काळा धूर, पेट्रोलचा वास आणि चेक इंजिनचा दिवा कायम लागलेला. गॅरेजवाल्याने स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) लावला, पी ०१२८ कोड आला म्हणजे कूलंट (इंजिनातून फिरणारं, ते गार ठेवणारं पाणी) पुरेसं तापत नाही, म्हणून थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडझाप करणारी झडप) बदलला, कूलंट बदललं, नऊ हजार घेतले आणि चौथ्या दिवशी दिवा परत लागला. मग म्हणे आता ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बघावा लागेल. तिथे मात्र मी गाडी घरी आणली.

साधा ब्लूटूथ स्कॅनर घेतला. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करून बघितली तर आत येणारी हवा २३ डिग्री आणि कूलंट उणे ४! थंड गाडीत हे दोन्ही आकडे जवळपास सारखे पाहिजेत, साताऱ्यात पाणी गोठायला लागलं का? अर्धा तास फिरवून आणली तरी कूलंट १० च्या पुढे जाईना आणि इकडे रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावता येत नव्हता इतका गरम. म्हणजे इंजिन तापतंय, कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर खोटं सांगतोय, आणि थंडी समजून ईसीएम पेट्रोल ओततोय.

सेन्सरचा कनेक्टर काढला, आकडा उणे ४० वर गेला. कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या तर १३० च्या वर. वायर तुटलेली असली की सगळ्यात थंड आणि जोडलेली असली की सगळ्यात गरम असंच दिसायला पाहिजे, म्हणजे वायरिंग आणि ईसीएम ठीक. इंजिन पूर्ण गार झाल्यावर सेन्सर खोलला, दोऱ्याला बांधून गॅसवरच्या पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि त्याचा विद्युत रोध (ओहममध्ये) मोजायला मल्टीमीटर लावला. बऱ्याच गाड्यांचा सेन्सर २० डिग्रीला दोन-तीन हजार ओहम दाखवतो आणि पाणी गरम होईल तसा उतरत नव्वदीला दोन-तीनशेवर येतो, माझा गारच सात हजार आणि पाण्याला उकळी फुटली तरी पाच हजारावर अडकलेला. नवीन काही शे रुपयाला मिळाला, दिवा गेला, अ‍ॅव्हरेज पंधराच्या वर आलं.

पैशाचं दुःख आहेच पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. माझ्या गाडीत रेडिएटरचा फॅन चालू करायचं आणि डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचं काम याच एका सेन्सरवर चालतं. डिसेंबरात पुण्याहून येताना खंबाटकीत ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, बॉनेटमधून गरम वास येत होता, मागे आई आणि मुलं, आणि काटा मात्र खाली पडलेला म्हणून मी निवांत होतो. फॅन लागतच नव्हता हे आता कळतंय.

गॅरेजवाल्या मित्रांना कळकळीची विनंती आहे, कोड दिसला की पार्ट मागवू नका, आधी गार इंजिनचे हवेचा आणि कूलंटचा हे दोन आकडे गिऱ्हाईकाला दाखवा आणि जॉबकार्डवर लिहून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा