शेगडीची राख आणि वितळलेलं घमेलं

प्रिय आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले शेगडीची राख टाकली आणि प्लास्टिकचं घमेलं वितळलं, आणि आई तू मागून "काही नाही गं, जरासं भोक पडलंय" म्हणालीस, तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये. घमेल्याचं जाऊदे, पण ते मागच्या पडवीत चुडतांच्या, माडाच्या सुक्या झावळ्यांच्या, ढिगाला टेकून होतं ना?

राख वरून गार लागते पण आत निखारा एकदोन दिवससुद्धा जिवंत राहतो, हे मी तुम्हाला काय सांगणार, आजी रात्री चुलीतला विस्तव राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी फुंकर मारली की परत लाल, तेच इथेही होतं. म्हणून आज आंघोळीच्या पाण्याला शेगडी पेटवली तर तिची राख उद्या सकाळी, पेटवायच्या आधी काढायची आणि ती पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातच टाकायची. डबा चिऱ्यावर ठेवा, लाकडांपासून लांब. प्लास्टिक अजिबात नको.

आणि आई, शेगडीत घालायचे पेलेट, त्या भुशाच्या दाबलेल्या कांड्या, खराब आलेत म्हणून धूर होतो असं तुला वाटतं ना, पण गणपतीत आले तेव्हा मी बघितलं, शेगडीच्या आतल्या, पेलेट जळतात त्या भांड्याच्या तळाची निम्मी भोकं राखेने बुजलेली. त्या भोकांतूनच पंख्याची हवा वर येते, ती अडली की धूर होतो आणि टोप काळा पडतो. केरसुणीचा एक हीर घेऊन रोज एकेक भोक मोकळं कर, दोन मिनिटांचं काम आहे. पंख्याला मात्र पाणी लावू नका, प्लग काढून कोरड्या ब्रशने झटका. खालचा ट्रेही साठू देऊ नका, आपल्याकडे आधीच खारा वारा, त्यात ओली राख पत्रा खाते.

पेलेट ओले झाले की फुगून भुसा होतो, तेव्हा पावसाच्या आधी, आगोटीलाच झाकणाच्या पिंपात भरून ठेवा. आणि पाऊस कितीही असो, शेगडी न्हाणीघरात नेऊन खिडकी बंद करून पेटवायची नाही, त्या विषारी वायूला वासच नसतो, कळतसुद्धा नाही.

राख पूर्ण गार झाली की माडाच्या आळ्यात घाला, थोडी चाळून कुळथाला ठेव.

बाबा, तो चुडतांचा ढीग स्वतः उचलू नका, कंबर धरेल. गडी येईपर्यंत शेगडीच पडवीच्या दुसऱ्या टोकाला न्या, गार असताना, आणि नेलीत की मला फोटो पाठवा.

तुमची,
ताई